विश्लेषण : अंधेरीच्या फुटबॉल सामन्याला जाणे-येणे इतके अवघड का?

गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमधून चार-पाच हजार माणसे जातात. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात फुटबॉलसाठी बसू शकणारे प्रेक्षक सात हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे स्टेडियम तुडुंब भरले तरी ती गर्दी दोन लोकलपेक्षा कमीच. रोज सत्तर लाखांहून अधिक माणसांची ने-आण करणाऱ्या उपनगरी रेल्वेच्या हिशेबात हा आकडा कुठे दिसतही नाही.

अडचण इथूनच सुरू होते. पन्नास हजारांची गर्दी येणार असेल तर पोलीस, रेल्वे आणि महापालिका आठवडाभर आधीपासून बैठका घेतात. सहा-सात हजारांची गर्दी ही कुणाच्याच हिशेबात नसते. ती आपली आपण येते आणि आपली आपण जाते. पण ती येते नेमकी संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेत, अंधेरीत, म्हणजे शहराच्या सर्वांत वाईट वेळी आणि सर्वांत गजबजलेल्या ठिकाणांपैकी एकात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून मुलाबाळांना घेऊन सामन्याला जाणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

स्टेडियम अंधेरीत कसे आले?

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा मुंबई सिटी एफसीचे घरचे मैदान मुंबईत नव्हतेच. पहिले दोन हंगाम हा संघ नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. स्टेडियम भव्य, नेरुळ स्टेशनही फार लांब नाही. पण बोरिवलीच्या प्रेक्षकाला आधी अंधेरी किंवा वांद्र्याला येऊन हार्बरची गाडी पकडायची आणि बहुतेक वेळा वडाळ्याला ती बदलायची. मुलुंडकराला ठाण्याला उलटे जाऊन ट्रान्स-हार्बर, घाटकोपरकराला कुर्ल्याला उतरून पनवेल लोकल. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी जाऊन-येऊन तीन-चार तासांचा प्रवास.

२०१६ मध्ये संघ अंधेरी पश्चिमेच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आला. १९८८ मध्ये खुले झालेले हे संकुल मुंबई महापालिकेचे आहे. जुन्या अंधेरीकरांच्या तोंडी ते अजूनही ‘अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’च. वीरा देसाई रोडच्या परिसरातले हे स्टेडियम लहान आहे, पण त्याच्या जवळ एक गोष्ट आहे जी भारतातल्या फार थोड्या मैदानांना लाभली आहे : पायी काही मिनिटांवर मेट्रो स्टेशन. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिचे आझाद नगर स्टेशन जणू स्टेडियमसाठीच बांधल्यासारखे आहे. अंधेरी रेल्वे स्टेशनपासून ते फक्त एक स्टेशन पुढे.

या मेट्रोचे मोल २०२२ मध्ये नीट कळले. करोनाकाळात दोन हंगाम गोव्यात रिकाम्या स्टेडियमांत झाल्यानंतर त्या ऑक्टोबरमध्ये प्रेक्षक अंधेरीत परतले आणि पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये धोकादायक ठरलेला गोखले पूल बंद झाला. अंधेरी पूर्व आणि पश्चिम जोडणारा मुख्य रस्ताच तुटला. त्याची एक बाजू उघडली फेब्रुवारी २०२४ मध्ये, तीही शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंची न जुळता. पूर्ण पूल सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. मधल्या काळात पूर्वेकडून रिक्षाने किंवा गाडीने सामन्याला येणे म्हणजे पहिल्या अर्ध्यावर पाणी सोडणे होते. रेल्वे रुळांच्या वरून जाणारी मेट्रो मात्र चालू होती.

कुठून येणे सोपे, कुठून अवघड?

नकाशावरचे अंतर इथे फारसे कामाचे नाही. संध्याकाळी गर्दी कोणत्या दिशेला वाहते, त्यावर सगळे ठरते.

बोरिवलीकर त्या बाबतीत भाग्यवान. संध्याकाळी पश्चिम रेल्वेची सगळी गर्दी चर्चगेटकडून विरारकडे जाते आणि तो उलट, दक्षिणेला येतो. शिवाय जानेवारी २०२३ पासून दहिसर ते अंधेरी पश्चिम ही मेट्रो २ अ पूर्ण मार्गावर धावू लागली. बोरिवली पश्चिमेला बसायचे, साधारण अर्ध्या तासात अंधेरी पश्चिमेला उतरायचे, तिथून डी. एन. नगरला गाडी बदलून एक स्टेशन किंवा सरळ चालत स्टेडियम. रेल्वे स्टेशनचा जिनाही चढावा लागत नाही. लहान मुलाला घेऊन सामन्याला येणे या मार्गाने खरोखर शक्य झाले. लोकलमध्ये बापाने लेकीला कोणत्या डब्यात न्यायचे, हा प्रश्न या कुटुंबाला पडत नाही.

मुलुंडचे गणित वेगळे. मुलुंडहून घाटकोपरला येणारी धिमी लोकल संध्याकाळी त्यामानाने मोकळी असते, कारण तीही गर्दीच्या उलट दिशेने धावते. खरी कसोटी घाटकोपरला. साकीनाका, मरोळ, चकालाच्या कार्यालयांतून सुटलेले हजारो लोक त्याच वेळी मेट्रोतून उतरून मध्य रेल्वेच्या फलाटांकडे धावत असतात आणि आपला फुटबॉलप्रेमी त्या लोंढ्याच्या विरुद्ध वर चढत असतो. एकदा मेट्रोत पाय ठेवला की नववे स्टेशन आझाद नगर. सगळे जुळून आले तर घरापासून मैदानापर्यंत तासाभरात. पण ‘सगळे जुळून आले तर’ या चार शब्दांवर मध्य रेल्वेचा प्रवासी सहसा पैज लावत नाही.

घाटकोपरकराला लोकल लागतच नाही, फक्त तोच जिना आणि तीच रांग. जागृती नगर, असल्फा, साकीनाका या पट्ट्यातल्या तरुणांना तर हे स्टेडियम वानखेडेपेक्षा कितीतरी जवळचे आहे.

सर्वांत हाल होतात ते कामावरून थेट येणाऱ्यांचे. दादर, लोअर परळहून सव्वासहाला निघालेला माणूस ऐन गर्दीत, गर्दीच्याच दिशेने येतो. त्याला चुकून विरार फास्ट मिळाली तर अंधेरीला उतरणे हाच एक सामना. पुढे फलाटावरून पादचारी पूल, तिथून मेट्रोचा जिना, सुरक्षा तपासणी, मग एका स्टेशनाचा प्रवास. वांद्रे-कुर्ला संकुलातल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो ३ ची वाट झाली आहे. तिने मरोळ नाक्याला यायचे आणि तिथे मेट्रो १ पकडायची. अंधेरी स्टेशन पूर्ण टळते. ही वाट अजून पुरेशी लोकांना माहीत नाही.

आणि ऑफिसमधून येणाऱ्याच्या पाठीवर बॅग असते. भारतातल्या बहुतेक स्टेडियमांत मोठ्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक आत नेता येत नाहीत. लॅपटॉप आणि डबा घेऊन आलेल्या माणसाने त्या कुठे ठेवायच्या? स्टेडियमबाहेरच्या दुकानदाराला गळ घालायची, नाहीतर सामन्याच्या दिवशी बॅगच न्यायची नाही. दुसरा पर्याय नोकरी करणाऱ्या किती जणांना परवडतो, हे सांगायला नको. ही बाब किरकोळ वाटते, पण कामाच्या दिवशी साडेसातचा सामना ठेवणाऱ्यांनी तिचा विचार आधी करायला हवा.

रविवारचे सामने तरी सोपे असावेत? संध्याकाळी पाचच्या सामन्यासाठी घरून निघण्याची वेळ तीन ते चार. रविवारचे रेल्वेचे ब्लॉक साधारण साडेतीन-चारपर्यंत चालतात आणि गाड्या पूर्वपदावर यायला आणखी वेळ जातो. ज्या आठवड्यात ब्लॉक आपल्याच मार्गावर असतो, त्या आठवड्यात घरी टीव्हीसमोर बसलेले बरे, असे वाटू शकते.

मग रिकाम्या खुर्च्यांचे कारण प्रवास आहे का?

पूर्णपणे नाही. याचा पुरावा अंधेरीनेच दिला आहे. १ जून २०१८ रोजी, शुक्रवारी, याच मैदानावर इंटरकॉन्टिनेन्टल चषकात भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा फडशा पाडला. सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. पाहायला होते अडीच हजारांच्या आसपास लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकली आणि हात जोडल्यागत विनंती केली की, आम्हाला शिव्या घाला, टीका करा, पण स्टेडियमवर या. ४ जूनला, सोमवारी, केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे आधीच संपली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. मुंबईचा जूनमधला पाऊस कोसळत होता, मैदानात पाणी साचले होते, तरी लोक आले, भिजत बसले आणि भारत ३-० असा जिंकला.

शुक्रवार ते सोमवार या तीन दिवसांत ना मेट्रोच्या फेऱ्या वाढल्या होत्या, ना लोकलची गर्दी कमी झाली होती. म्हणजे मन केले तर मुंबईकर येतो. ‘प्रवास कठीण म्हणून प्रेक्षक नाहीत’ असे म्हणणाऱ्या कुणालाही या सोमवारचे उत्तर द्यावे लागेल.

पण त्या सोमवारावरून दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष काढणेही चुकीचे. एका खास रात्रीसाठी माणूस पाऊस, गर्दी, उशीर सगळे सोसतो. दर दोन-तीन आठवड्यांनी, पाच-सहा महिने, दहा-बारा सामन्यांसाठी सोसत नाही. क्लबचा फुटबॉल जगतो तो अशा सवयीने येणाऱ्यांवर. आणि सवय मोडायला दोनदा वाया गेलेली संध्याकाळ पुरते. पहिल्यांदा गळतात ते पोरासोराला घेऊन येणारे, मग एकट्या येणाऱ्या मुली, मग डोंबिवली-बदलापूरसारख्या लांबच्या भागांतले. शेवटी उरतात ते स्टेडियमच्या आसपास राहणारे आणि कट्टर पाठीराखे.

परतीचे काय?

इथे फुटबॉलचा एक गुण कामी येऊ शकतो. क्रिकेटचा सामना कधी संपेल, हे देवालाही ठाऊक नसते. फुटबॉल लीगचा सामना साडेसातला सुरू झाला की सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान संपणार. पाच-सात मिनिटे इकडे-तिकडे. गर्दी कुठून निघणार, किती वाजता निघणार आणि जास्तीत जास्त किती असणार, हे तारखा जाहीर होतात त्या दिवशीच कळते. वाहतुकीच्या नियोजनासाठी याहून सोपी गर्दी शहरात दुसरी नसेल.

समजा, पाच हजार प्रेक्षक आले आणि त्यातले निम्मे मेट्रोने जाणार आहेत. चार डब्यांच्या मेट्रोत हजाराहून अधिक माणसे मावतात. म्हणजे ही सारी गर्दी तीन गाड्यांची. पण साडेनऊला गाड्यांमधले अंतर ऐन गर्दीच्या वेळेपेक्षा वाढलेले असते आणि येणारी गाडी वर्सोव्याहून थोडी भरूनच येते. शिवाय खरी कोंडी गाडीत नव्हे, तर स्टेशनच्या दारात होते. अडीच हजार माणसे वीस मिनिटांत एका लहान उन्नत स्टेशनवर आली की सामान तपासणीचे यंत्र, तिकीट खिडकी आणि फाटके अपुरी पडतात. येतानाच परतीचे तिकीट काढून ठेवणारे, मोबाइलवर तिकीट घेणारे सुटतात. बाकीचे रांगेत. बाहेर रिक्षावाले मीटरऐवजी तोंडी भाव सांगू लागलेले असतात.

साडेसातच्या सामन्यानंतर शेवटची गाडी चुकण्याची भीती फारशी नाही. मेट्रो १ रात्री अकरानंतरही धावते आणि लोकल त्याहून बऱ्याच उशिरापर्यंत. मुलुंडकर पावणेअकरापर्यंत घरी पोहोचू शकतो. पण २०२३-२४ च्या हंगामात सामने आठला सुरू होत होते आणि त्या अर्ध्या तासाने पुष्कळ फरक पडला. मैदानातून बाहेर पडायला दहा वाजतात, आझाद नगरच्या फलाटावर सव्वादहा. त्या काळात मेट्रो २ अ वरची शेवटची गाडी आधी साडेदहाला सुटायची, नोव्हेंबर २०२३ पासून ती अकरावर गेली. मेट्रो ३ तेव्हा नव्हती, पण तिचे वेळापत्रकही रात्री साडेदहाचे आहे. आठचा सामना पुन्हा ठेवला तर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या वाटेने आलेल्या माणसाला ती वाट परतीसाठी जेमतेम मिळेल. सामन्याची वेळ ठरवताना टीव्हीवरच्या प्रेक्षकाचा विचार होतो. स्टेडियममधल्या प्रेक्षकाचा झाला तर साडेसात ही मुंबईत शेवटची मर्यादा मानावी लागेल.

एवढ्याशा गर्दीने धोका होतो का?

होऊ शकतो, कारण धोका एकूण आकड्यात नसतो, अरुंद जागेत असतो. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर २३ जणांचा चेंगरून मृत्यू झाला. तिथे कोणताही सामना नव्हता, मेळावा नव्हता. रोजचेच प्रवासी, अचानक आलेला पाऊस, जिन्यावर थबकलेली माणसे आणि मागून येणारी पुढची गाडी. गर्दीच्या अभ्यासकांच्या मते, एका चौरस मीटरमध्ये चारपर्यंत माणसे असली तर प्रत्येक जण आपल्या पायाने चालतो. सहा-सात झाली की माणूस चालत नाही, ढकलला जातो, आणि मग पडलेल्याला उठता येत नाही.

फुटबॉलनेही हे पाहिले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षकांचा जीव गेला. तिथे कारण गॅलरीतली मारामारी होते. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण दगावले, ते क्रिकेट विजयोत्सवात, दारांशी झालेल्या रेटारेटीत. अंधेरीची तुलना या दोन्हींशी करणे अतिशयोक्ती ठरेल. पण पावसाळी रात्री साडेनऊला आझाद नगरचा जिना, वरून उतरणारे नेहमीचे प्रवासी आणि खालून एकदम आलेले दोन हजार जण, ही जुळवाजुळव एल्फिन्स्टनच्या कहाणीहून फार वेगळी नाही. जिन्याच्या तोंडाशी चार माणसे उभी करून गर्दी टप्प्याटप्प्याने सोडली तर हा धोका जवळपास संपतो. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमबाहेर हेच करतात. ‘थांबा’ आणि ‘चला’ असे फलक हाती घेतलेले कर्मचारी स्टेशनच्या बाहेर, मोकळ्या रस्त्यावर गर्दी अडवतात. फलाटावर ती कधी साचू देत नाहीत.

दुसरी शहरे काय करतात?

फार लांब जायला नको. कोचीत ब्लास्टर्सचे स्टेडियम मेट्रो स्टेशनला लागूनच आहे आणि सामन्याच्या रात्री कोची मेट्रो जादा फेऱ्या आणि उशिरापर्यंतची सेवा जाहीर करत आली आहे. चेन्नईत आयपीएलच्या तिकिटावर मेट्रोचा प्रवास मोफत देण्याचा प्रयोग झाला आहे. खर्च क्लबने उचलला. जर्मनीत ही पद्धत इतकी रुळली आहे की बुंडेसलिगाच्या अनेक क्लबांचे तिकीट हेच त्या दिवसाचे बस-ट्रामचे तिकीट असते. त्यामागे निव्वळ औदार्य नाही. तिकीट खिडकीवरची रांगच नाहीशी होते आणि गाड्यांनी येणारे कमी झाल्याने रस्ते मोकळे राहतात.

मुंबईला हे जमत नाही असेही नाही. गणेश विसर्जनाला, थर्टी फर्स्टला, ६ डिसेंबरला रेल्वे रात्रीच्या विशेष लोकल सोडते. गणेशोत्सवात आणि नवरात्रीत मेट्रोची वेळ वाढते. म्हणजे यंत्रणेकडे कसब आहे. ते वापरायला लागणारी गर्दी अंधेरीचा फुटबॉल आणत नाही, एवढेच.

निर्णय कुणी घ्यायचा?

इथे खरी गाठ आहे. स्टेडियम महापालिकेचे. आझाद नगरची मेट्रो १ चालवते मुंबई मेट्रो वन ही कंपनी. अंधेरी पश्चिमेला येणारी मेट्रो २ अ दुसऱ्या महामंडळाची, भुयारी मेट्रो ३ तिसऱ्याची. लोकल पश्चिम रेल्वेची, घाटकोपरला ती मध्य रेल्वेची. बस बेस्टची. रस्त्यावरचा बंदोबस्त पोलिसांचा. सामन्याच्या वेळा लीग आणि प्रक्षेपक ठरवतात. क्लबला यांतल्या कुणालाही आदेश देता येत नाही, फक्त पत्र पाठवता येते.

तिकिटांपुरती ही गाठ ऑक्टोबर २०२५ मध्ये थोडी सैल झाली. ‘मुंबई वन’ या अ‍ॅपवर लोकल, मेट्रो, बस अशा ११ सेवांचे तिकीट एकत्र काढता येऊ लागले. मुलुंड ते आझाद नगर आणि परत, असे एकच तिकीट सामन्याच्या तिकिटाबरोबर विकणे त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. त्यातून आणखी एक फायदा होईल : कोणत्या स्टेशनवरून किती प्रेक्षक येणार, हे मेट्रोला दोन दिवस आधी कळेल. आज तो आकडा कुणाकडेच नाही.

मुलुंड-अंधेरी अंतर पुढे आपसूक कमी होईलही. स्वामी समर्थ नगर ते विक्रोळी ही मेट्रो ६ जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर उभी राहते आहे, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाखालून खोदायचे आहेत. ही कामे पूर्ण होईपर्यंत बरेच हंगाम निघून जातील. आझाद नगरला सव्वानऊ ते दहा या वेळात दोन जादा गाड्या सोडणे, जिन्याशी चार माणसे उभी करणे आणि स्टेडियमच्या दाराजवळ बॅगा ठेवायला एक खोली उघडणे, यासाठी मात्र एकही खांब उभारावा लागत नाही.